उन्हाळ्यातली निळी पट्टी

थोरले, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला शाळेसाठी केलेलं पोस्टर दाखवलंस. विषय होता, आमच्या घरातलं विज्ञान. मधोमध अज्जांचा फोटो, शेजारी धाकट्यानं रंगवलेली कोंबडी, आणि वर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं की माझ्या आजोबांनी एक नवीन प्रथिन शोधून काढलं. खाली पुराव्यादाखल वर्तमानपत्राचं कात्रण. ते अक्कलकोटच्या मामांनी तुझ्या आईला पाठवलं होतं.

मी छान म्हणाले. धाकट्याच्या कोंबडीला तीन पाय का आहेत ते विचारलं. फोन ठेवला आणि मग मला जेवण गेलं नाही.

अज्जांनी कुठलंही नवीन प्रथिन शोधलेलं नव्हतं. हे सगळ्यांत आधी त्यांच्याच लक्षात आलं आणि त्यांनी ते भर सभेत उभं राहून सांगितलं. त्यांच्या नावावर ते राहू नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतर मागितली, आणि ती त्यांना मिळाली नाही. पोस्टर शाळेच्या भिंतीवर लागायला अजून अवकाश आहे असं तू म्हणालीस. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून पाठवते आहे. मराठी अडली तर आईकडून वाचून घ्या.

अज्जा इथल्या कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचे आणि शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करायचे. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यांच्या लेखांचं इंग्रजी मी तपासत असे, पण आशय डोक्यावरून जाई. एकदा मी हट्टच धरला की मला कळेल असं सांगा. तेव्हा त्यांनी माझं कपाट उघडलं.

माझं कपाट तुम्ही पाहिलं आहे. रोजच्या साड्या समोरच्या खणात, लग्नकार्याच्या मलमलीत बांधून वरच्या खणात, आणि अव्वांनी, म्हणजे अज्जांच्या आईनं, दिलेली इरकल तर गाठोड्यात, अगदी मागे. "हे बघ," ते म्हणाले, "प्रत्येक पेशीत असं एक कपाट असतं. एकच लांबच लांब धागा, त्यावर शरीराच्या सगळ्या सूचना. पण पेशीला रोज लागतं थोडंच. बाकीचं बांधून ठेवावं लागतं. काही प्रथिनं त्या धाग्याला गुंडाळून घेतात, काही वरून गाठ मारतात. धागा आणि प्रथिनं मिळून जे गाठोडं होतं ते क्रोमॅटिन. गाठ सुटली तर सूचना वाचता येते, नाही सुटली तर ती असून नसल्यासारखी."

"आणि गाठ मारायची का सोडायची हे कोण ठरवतं?"

"तेच शोधतोय," ते म्हणाले, आणि माझी इरकल उलटी ठेवून गेले.

त्यांनी या कामासाठी कोंबडीचं रक्त निवडलं होतं. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हे कपाटच नसतं. कोंबडीच्या पेशींत असतं, आणि त्यातली जवळजवळ सगळी गाठोडी करकचून बांधलेली असतात. घराला कुलूप घालून माणसं गावाला गेल्यासारखी ती पेशी असते. बांधणारं प्रथिन शोधायचं तर याहून चांगली जागा नाही, आणि सोलापुरात ते रक्त फुकट मिळत होतं.

पण आपलं घर लिंगायतांचं. घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. अव्वा इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय पाणी घेत नसत. आणि त्यांचा मुलगा पहाटे फिरायला जायच्या वेळी चिकनच्या दुकानात जाई. बरोबर एक स्टीलचा डबा, त्यात रक्त गोठू नये म्हणून औषधी पाणी, आणि डब्याभोवती बर्फाची पिशवी. दुकानदाराला ते आधी वेडे वाटले, मग सवयीचे झाले.

"क्या सर, आज बी खाली खून? कभी तो मुर्गी बी लेव."

"मुर्गी तुमारी, खून मेरा," अज्जा म्हणायचे.

तो डबा घरात यायचा नाही. मागच्या अंगणात, न्हाणीघराच्या बाहेरच्या खिळ्याला टांगलेला असायचा. आंघोळ केल्याशिवाय अज्जांना उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती.

"अव्वा, हात साबणानं धुतले की."

"हात धुतलास. डोळे कुटं धुतलास?"

कुणी पाहुणे आले की अव्वा त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत, "माझा लेक लई शिकलेला हाय. पीएच.डी. हाय. रोज सकाळी खाटकाच्या दारात हुबा ऱ्हातो." पाहुणे हसत. अज्जाही हसत. अव्वा मात्र हसत नसत.

आता पट्टीबद्दल सांगते. पेशींतून वेगळी केलेली प्रथिनं एका पारदर्शक, जेलीसारख्या पातळ चकतीत घालून वीज सोडली की ती खाली सरकू लागतात. लहान प्रथिन जास्त खाली जातं. मग निळा रंग दिला की प्रत्येक प्रथिनाची एक आडवी पट्टी दिसते. एका उन्हाळ्यात अज्जांना नेहमीच्या पट्ट्यांच्या खाली आणखी एक दिसली. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. पुस्तकांत ती नव्हती. ती गाठोड्याला चिकटूनही राहत होती, म्हणजे बांधण्याच्याच कामातली असणार.

नुसती पट्टी असती तर त्यांनी इतका जीव लावला नसता. पण त्यांच्या लक्षात आलं की ही पट्टी एप्रिल-मे महिन्यांत गडद येते, पाऊस पडला की फिकट होते आणि डिसेंबरात जेमतेम दिसते. यावरून त्यांनी एक कल्पना मांडली, आणि ती इतकी सुंदर होती की मलाही ती झोपेत आठवायची. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. अशा वेळी त्यांच्या शरीरात हे छोटं प्रथिन तयार होत असावं, आणि ते जादा गाठी मारून नको ते सगळं बंद करून टाकत असावं. म्हणजे इथल्या कोंबड्यांनी इथलं ऊन सोसण्याची ही रीत शोधली असावी.

त्यांनी त्याला तात्पुरतं नाव दिलं, त्यात सोलापूरचं पहिलं अक्षर घातलं. लेखात ते सगळीकडे 'असावं', 'वाटतं' असंच लिहीत. मी इंग्रजी सुधारताना असे शब्द कमी केले की ते परत घालत. तुमच्या आईच्या लग्नात, आहेर घेता घेता, ते नव्या व्याह्यांना त्या प्रथिनाबद्दल सांगत होते. चांगली वर्षं होती ती. त्यांच्या चालण्यातसुद्धा फरक पडला होता.

निवृत्ती जवळ आली तेव्हा कॉलेजनं सत्काराचं ठरवलं. शाल-श्रीफळ आणि त्यांचं भाषण, विषय नवं प्रथिन. पत्रिका छापून झाल्या. अक्कलकोटहून, होटगीहून नातेवाईक यायचे होते. त्याआधी अज्जांना एकच गोष्ट उरकायची होती. ते प्रथिन नक्की कुठलं हे ओळखणारं यंत्र आपल्याकडे नव्हतं. त्यांची एक जुनी विद्यार्थिनी हैदराबादला मोठ्या प्रयोगशाळेत काम करत होती. ती म्हणाली, "सर, इथंच या. रक्त इथलं घेऊ, सगळं इथं करू, आणि पट्टी मशीनला लावू." बाहेर कडक उन्हाळा होता, म्हणजे पट्टी गडद यायलाच हवी होती.

ते गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी विचारलं, काय नाव निघालं? ते म्हणाले, "पट्टीच आली नाही."

"म्हणजे?"

"त्यांची शीतखोली आहे. खोलीच थंड. आत सगळे स्वेटर घालून काम करतात. तिथं केलं तर पट्टी येत नाही."

"मग तिथल्या कोंबड्या वेगळ्या असतील."

ते म्हणाले, "हैदराबादेत काय कमी ऊन असतं का गं?"

परत येताना त्यांनी तिथं तयार केलेला नमुना थर्मासमध्ये बर्फात आणला. होटगीला गाडी सिग्नलला अडकून पडली तेव्हा उतरून त्यांनी चहावाल्याकडून आणखी बर्फ घेतला. घरी आल्यावर जेवले आणि कपडे धुवायला टाकले. इष्टलिंगाच्या पूजेवरून उठलेल्या अव्वांनी विचारलं, "झालं का काम?" तर म्हणाले, "उद्या होईल."

दुसऱ्या दिवशी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन कॉलेजात गेले. शाळेला सुट्टी होती, आणि ते सकाळी तो विसरून गेले होते. ते कधीच काही विसरत नसत. वीज गेलेली होती. पंखा बंद, खिडक्यांच्या पत्र्याच्या छज्जांवरून तापलेली हवा आत येत होती. टेबलावर दोन छोट्या नळ्या होत्या. एक थर्मासमधल्या बर्फात खोचलेली, दुसरी लाकडी स्टँडमध्ये, उघडी.

"हे काय?"

"एकाच नमुन्याचे दोन भाग केलेत. हैदराबादचा नमुना, पट्टी नसलेला. एक बर्फात ठेवला. एक आपल्या हवेत."

"आणि आता?"

"आता बसायचं."

आम्ही बसलो. मी त्यांना वाढलं, त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. ते भिंतीजवळच्या सेंट्रिफ्यूजकडे पाहत होते. हे यंत्र नळ्या गरगर फिरवून जड भाग तळाशी बसवतं, आणि फिरवताना त्यांना थंड ठेवतं. त्यातली थंड करणारी मोटर कित्येक वर्षांपासून बंद होती. दुरुस्तीचा अर्ज दर वर्षी वर जायचा आणि वरच राहायचा. अज्जा आतलं चाक आदल्या दिवशी फ्रिजमध्ये ठेवत, वेळेवर काढून बसवत, चारही बाजूंनी बर्फ लावत. त्यांना वाटायचं तेवढं पुरतं. प्रथिनं कुरतडणारे जे पदार्थ रक्तातच असतात, त्यांना रोखणारं औषधही ते घालायचे. पण ते औषध पाण्यात पडलं की फार काळ टिकत नाही, आणि आपल्या उकाड्यात तर त्याहून कमी.

संध्याकाळी वीज आल्यावर त्यांनी दोन्ही नळ्यांतलं थोडं थोडं चकतीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला सोबत येतेस का म्हणाले. याआधी त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं.

चकती प्रकाशाच्या पेटीवर ठेवलेली होती. मी विज्ञानातली नाही, पण मला समजवावं लागलं नाही. डावीकडे बर्फातल्या नळीच्या पट्ट्या, नीट, आणि खाली जागा कोरी. उजवीकडे टेबलावरच्या नळीच्या. त्यात वरची एक पट्टी फिकट झालेली, आणि खाली, बरोबर त्याच जागी, ती. निळी, ठसठशीत.

"ही वरची जुनीच," अज्जा म्हणाले. "गाठ मारणारं नेहमीचं प्रथिन. सगळ्या पुस्तकांत आहे. उकाड्यात त्याच्या दोन्हीकडच्या शेपट्या कुरतडल्या जातात. मधला गोळा घट्ट असतो, तो उरतो. तो धाग्याला धरूनही राहतो. म्हणून मला वाटलं, हे वेगळं आहे."

"पण हिवाळ्यात ती दिसत नव्हती."

"हिवाळ्यात ही खोली थंड असते ना." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऊन कोंबडीला लागलंच नव्हतं. नळीला लागत होतं."

मग म्हणाले, "नाव मात्र बरोबर दिलं होतं. सोलापूरचंच आहे ते." ते हसण्याचा प्रयत्न करत होते, आणि मी खिडकीकडे पाहत राहिले, कारण मला त्यांच्याकडे पाहवेना.

हैदराबादच्या यंत्रानंही पुढे तेच सांगितलं. पण त्याआधी सत्कार होता. मी त्यांना म्हणाले, "अहो, कार्यक्रमात नाही सांगितलं तर? पुढे रीतसर लिहून कळवा. त्या दिवशी आभार माना आणि बसा."

"पत्रिकेवर विषय छापलाय. त्या दिवशी नाही तर कधी सांगू?"

सभागृह भरलेलं होतं. अव्वांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. शाल घालून झाली, हार झाले. अज्जा उठले आणि त्यांनी सगळं सांगितलं, मी तुम्हांला सांगितलं तसंच, त्याहून सोपं करून. पडद्यावर दोन नळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो दाखवला. नवं प्रथिन नाही, माझी समजूत चुकीची होती, जुन्याच प्रथिनाचा तुटलेला तुकडा आहे, असं स्वच्छ मराठीत म्हणाले. ऊन नळीला लागत होतं, हे वाक्य आलं तेव्हा लोकांना तो विनोद वाटला. हशा पिकला. टाळ्या पडल्या.

मग अध्यक्ष उठले. "हा सरांचा विनय पाहा," ते म्हणाले. "एवढा मोठा शोध लावून म्हणतात, माझं काहीच नाही. आजच्या काळात अशी माणसं कुठं आहेत?" पुन्हा टाळ्या. अज्जा खुर्चीतून अर्धवट उठले, काही बोलायला. सूत्रसंचालकानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना प्रेमानं बसवलं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली: सोलापूरच्या प्राध्यापकांकडून नव्या प्रथिनाचा शोध. तेच तुझ्या पोस्टरवरचं कात्रण. अज्जा त्याच दिवशी उन्हातून त्या कचेरीत गेले. तिथला मुलगा सभ्य होता. म्हणाला, "सर, बातमी चांगलीच आहे की. आम्ही काय बदनामी केली का तुमची?" दुरुस्ती छापू असं तो म्हणाला. अज्जा पुढचा महिनाभर रोज सकाळी आधी तेच पान उघडत. मग उघडेनासे झाले. छापायला पाठवलेला लेख त्यांनी परत मागवला. तिथून निदान एका ओळीचं उत्तर आलं.

त्या आठवड्यात अव्वांनी त्यांना अंगणात गाठलं. ते खिळ्यावरचा डबा काढून घासत होते, आतून, बाहेरून. अव्वांचं वय तेव्हा नव्वदीला टेकलेलं, पण सभेत पहिल्या रांगेत बसून त्यांनी नीट ऐकलं होतं. सभेतल्या इतक्या माणसांत, मला वाटतं, त्यांनीच खरं मानलं.

"म्हंजे ते न्हाईच?"

"नाही, अव्वा."

"मग इतक्या वर्सांचं रगत?"

"कोंबड्या तशाही कापल्या जायच्याच होत्या, अव्वा. माझ्यासाठी नाही कापल्या."

"ते मला ठाव हाय," अव्वा म्हणाल्या. "मी तुझं इचारतीय. तू कशाला हुबा ऱ्हायलास रोज तितं?"

अज्जांनी नळ सोडला. पाणी येऊन गेलेलं होतं, थोडंसं आलं आणि थांबलं. त्यांनी डबा तसाच अर्धवट धुतलेला ठेवला आणि आत आले. त्या दिवशी अव्वांनी त्यांना आंघोळीची आठवण केली नाही.

त्यानंतर ते प्रयोगशाळेत गेले नाहीत. निवृत्तांना बसायला एक खोली देऊ म्हणून कॉलेजनं दोनदा विचारलं. ते वाचत बसायचे, पण पान उलटायचं नाही. कुणी नव्यानं ओळख करून देताना 'यांनी प्रथिन शोधलं' म्हणालं की ते दर वेळी सांगायचे, नाही, तसं नाही. लोक म्हणायचे, किती साधे आहेत! शेवटी शेवटी ते फक्त मान हलवायचे, आणि ती होकाराची आहे का नकाराची हे कुणी विचारायचं नाही. अव्वा गेल्या, आणि दोन पावसाळ्यांनी अज्जा गेले. भेटायला आलेल्यांनी माझ्यासमोर बसून पुन्हा त्या प्रथिनाचं कौतुक केलं. मी चहा दिला.

मागच्या सोमवारी मी अक्कलकोटला फोन केला. मामांनी ते कात्रण फ्रेम करून बैठकीत लावलंय. म्हटलं, ते काढा. ते म्हणाले, "काकू, राहू दे की. चांगलं दिसतंय. पोरं बगतात, शिकतात. तुमचं काय बिघडतंय?" मी बराच वेळ समजावलं. ते हो हो म्हणत राहिले. त्यांच्या मागे कुणी तरी कानडीत जेवायला बोलावत होतं. फ्रेम अजून तिथंच असणार.

तिथली भिंत माझ्या ताब्यात नाही. म्हणून थोरले, तुला सांगते. ते कात्रण पोस्टरवरून काढ. वरचं वाक्यही काढ. अज्जांनी त्या सकाळी घेतलेला चकतीचा फोटो या मजकुरासोबत पाठवत आहे. तो मधोमध लाव आणि खाली त्यांनी सभेत सांगितलं ते लिही, आपल्या शब्दांत. बाईंना कदाचित ते कमी वाटेल. बक्षीस तर मिळणारच नाही. पण निदान एका भिंतीवर त्यांचं म्हणणं त्यांनी सांगितलं तसं लागेल.

फोटोत डावीकडच्या पट्ट्या बर्फातल्या नळीच्या, उजवीकडच्या टेबलावरच्या. मूळ फोटोच्या पाठीमागे मी तसं पेन्सिलीनं लिहिलं आहे, ती बाजूही पाठवते. आईला प्रिंट काढायला सांगशील तेव्हा नीट बघून घे. मोबाइलवर कधी कधी त्याचं डावं-उजवं उलटं होतं.